राहत्या इमारतीत बॉम्बची धमकी आली तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉम्बची धमकी म्हटली की विमानतळ, शाळा, न्यायालय आठवतं. राहती इमारत कोणाच्या डोक्यात नसते, आणि म्हणूनच वेळ आली की तिथे सर्वांत जास्त तारांबळ उडते. कार्यालयात माणसं जागी असतात, पायांत बूट असतात, वरिष्ठांचं ऐकायची सवय असते. इमारतीत कोणी झोपलेलं असतं, कोणी आजारी, कोणाचं दूध गॅसवर, कोणाच्या दाराला बाहेरून कुलूप; आणि ‘चला, खाली उतरा’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याचं ऐकायला कोणी बांधील नसतं. बॉम्बशोधक व नाशक पथकाला अशा ठिकाणी काम करताना रहिवाशांकडून काय हवं असतं आणि काय नको असतं, ते या प्रश्नोत्तरांत मांडलं आहे.

धमकीचा फोन माझ्याच हाती आला तर?

फोन ठेवू नका. पलीकडचा बोलतोय तोवर तुमच्या हाती माहिती येते आहे. ‘कुठे ठेवलाय?’ आणि ‘कधी फुटणार?’ हे दोन प्रश्न आधी विचारा. मग दिसतो कसा, कशात ठेवलाय, तू स्वतः ठेवलास का, कशासाठी. अशा माणसाला सरळ प्रश्न विचारणं खुळेपणाचं वाटेल, पण कित्येकदा उत्तर मिळतं. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, आपल्या भाषेत सांगायला जाऊ नका. ‘तळमजल्यावर’ आणि ‘खाली पार्किंगमध्ये’ यांतला फरक पथकासाठी मोठा असतो.

कानही उघडे ठेवा. मागे गाडीचा भोंगा होता, टीव्ही होता की शांतता? माणूस बोलत होता की कागदावरून वाचत होता? लँडलाइनवर फोन आला असेल तर त्याने ठेवला तरी तुम्ही रिसीव्हर खाली ठेवू नका. पोलिसांच्या आपत्कालीन क्रमांकावर दुसऱ्या फोनवरून कळवा.

मेसेज, ईमेल किंवा चिठ्ठी आली तर?

डिलीट करू नका आणि इमारतीच्या ग्रुपवर फॉरवर्डही करू नका. चिठ्ठी असेल तर जिथे सापडली तिथेच राहू द्या. हातात घेतलीच असेल तर कडेने धरा आणि बाजूला ठेवा. दहा जणांनी हाताळलेल्या कागदावर तपासणाऱ्यांच्या कामाचं फार काही उरत नाही.

ईमेलच्या धमक्या एकगठ्ठा येतात. १३ डिसेंबर २०१८ रोजी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या असंख्य संस्थांना एकाच धाटणीचे ईमेल गेले : बिटकॉइनमध्ये पैसे द्या, नाहीतर इमारतीत बॉम्ब फुटेल. सगळे खोटे निघाले. १ मे २०२४ रोजी दिल्ली परिसरातल्या शंभराहून अधिक शाळांना असेच ईमेल आले, तेही पोकळ. तरीही, मजकूर ओळखीचा वाटतो म्हणून सोडून देण्याचा निर्णय पोलिसांचा आहे, तुमचा नाही.

बहुतेक धमक्या खोट्याच असतात ना? मग एवढा आटापिटा कशाला?

खोट्याच असतात, हे खरं. पण प्रत्येक धमकीला एकच वागणूक मिळते, हा समज चुकीचा आहे. ‘सगळी इमारत उडवून देईन’ आणि ‘बी विंगच्या मीटर रूममध्ये, रात्री साडेदहाला’ या दोन वाक्यांचं वजन वेगळं आहे. जागा, वेळ, वस्तूचं वर्णन, आत शिरल्याशिवाय कळणार नाही असा एखादा तपशील असेल, तर धमकी गंभीर धरली जाते. मोघम धमकीत कधी कधी रहिवाशांना न हलवता आधी सार्वजनिक जागा तपासतात.

इमारत रिकामी करायची हे कोण ठरवतं? आम्हीच ठरवलं तर चालेल का?

समोर संशयास्पद वस्तू दिसत असेल तर कोणाची वाट पाहू नका, तिच्यापासून लांब व्हा आणि इतरांनाही लांब करा. नुसती धमकी असेल तर पोलिसांशी बोलून ठरवा. कारण रिकामी करणं म्हणजे शेकडो माणसांना घरातून काढून जिना, लॉबी, पार्किंग, गेट या वाटेने नेणं. आणि बाहेरच्या कोणालाही काही ठेवून जाता येईल अशा जागा नेमक्या याच. ज्या वाटेने माणसं बाहेर काढायची ती वाट आधी डोळ्यांखालून घालावी लागते. जिथे त्यांना जमवायचं ती जागासुद्धा.

हे पुस्तकी नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी अमेरिकेत अटलांटाजवळ सँडी स्प्रिंग्ज इथे एका दवाखान्याच्या इमारतीत स्फोट झाला. पोलीस, अग्निशमन दल, पत्रकार जमले, आणि साधारण तासाभराने बाहेरच्या पार्किंगमध्ये दुसरा बॉम्ब फुटला. जखमींमध्ये मदतीला आलेलेच होते. ‘दुसरा कुठे आहे?’ हा प्रश्न पथक पहिला सापडण्याच्या आधीच विचारतं ते यासाठीच. म्हणूनच ‘नेहमीप्रमाणे गेटपाशी जमा’ ही आगीच्या वेळची सवय इथे कामाची नाही.

कधी कधी उलटा निरोप येतो : घरातच थांबा, खिडक्यांपासून दूर, इमारतीच्या आतल्या बाजूच्या खोलीत. वस्तू बाहेर रस्त्यावर असेल तर त्या वस्तूसमोरून पळण्यापेक्षा मधे दोन भिंती असणं बरं. हा निरोप मिळाला म्हणून ‘आम्हाला वाऱ्यावर सोडलं’ असं समजू नका.

संशयास्पद वस्तू ओळखायची कशी? रोज कोणी ना कोणी बॅग विसरतंच.

ब्रिटनच्या पोलिसांनी यासाठी तीन प्रश्न ठरवून दिले आहेत. वस्तू मुद्दाम लपवलेली आहे का? तिच्यात उघड संशय यावा असं काही आहे का, म्हणजे तारा, बॅटरी, चिकटपट्टीने गुंडाळलेला डबा? आणि तिसरा, त्या जागी सहसा दिसणारी ती वस्तू आहे का? जिन्याच्या पायरीवर उघडी पडलेली, वह्या डोकावणारी शाळेची बॅग बहुधा विसरलेली असते. तीच बॅग मीटर रूमच्या दारामागे ढकललेली असेल तर गोष्ट वेगळी.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पोलीस देऊ शकत नाहीत. तुमच्या मजल्यावर चपलांच्या स्टँडशेजारी तो पत्र्याचा डबा गेली चार वर्षं आहे की काल आला, हे तुम्हालाच ठाऊक.

वस्तूला हात लावू नका, हलवू नका, पाणी ओतू नका, वर पोतं टाकू नका. जवळून फोटो काढायचाही मोह नको. तिच्यापासून पंधरा मीटरच्या आत मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरू नये, असा ब्रिटनमधला नियम आहे. आधी लांब जा, मग फोन करा.

किती लांब जायचं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप लांब. ब्रिटनमधला ढोबळ हिशेब असा : पाठीवरची सॅक किंवा ब्रीफकेस असेल तर किमान १०० मीटर, सूटकेस किंवा मोटार असेल तर २००, व्हॅन किंवा ट्रक असेल तर ४००. अमेरिकेतल्या तक्त्यात दोन अंतरं असतात. सुमारे २३ किलो स्फोटकं मावतील अशा सूटकेससाठी ४६ मीटरच्या आत कोणीही नको, इमारतीच्या आतसुद्धा नको. आणि उघड्यावर असाल तर ५६४ मीटरच्या पलीकडे जा. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात असलेल्यांनी घराबाहेर न पडता काचांपासून दूर राहायचं. पलीकडच्या इमारतीला ‘आत थांबा’ आणि तुम्हाला ‘बाहेर पडा’ सांगतात ते यामुळे.

मीटर मोजत बसायला कोणाला सवड असते? सोपी खूण ही की वस्तू तुम्हाला दिसत असेल तर तुम्ही जवळ आहात. भक्कम भिंतीआड जा. मात्र काचेच्या दर्शनी भागाखाली, पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगेत किंवा कचऱ्याच्या पेट्यांशेजारी उभं राहू नका. वस्तीतल्या स्फोटात मोठ्या संख्येने माणसं जखमी होतात ती उडालेल्या काचांनी.

बाहेर पडताना काय घ्यायचं? लिफ्ट वापरायची का?

रोजची औषधं, चष्मा, फोन, किल्ल्या, पायांत चप्पल. गॅस बंद करा. स्वतःची बॅग घेतली तर ती हातातून सोडू नका. मैदानात टेकवून गेलेली प्रत्येक बॅग पथकाचं काम वाढवते. लिफ्ट टाळा. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांचा मजला आणि फ्लॅट क्रमांक खाली पहिल्या भेटेल त्या पोलिसाला सांगा. दाराला कुलूप लावायचं की नाही ते विचारून घ्या. अनेक ठिकाणी कुलूप न लावता फक्त ओढून घ्यायला सांगतात, म्हणजे झडतीच्या वेळी दार फोडावं लागत नाही.

पथक येतं आणि अर्धा तास नुसतं बोलत बसतं. ते आत का शिरत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक वेळी, बहुधा चढ्या आवाजात, विचारला जातो. त्या अर्ध्या तासात सर्वांत महत्त्वाचं काम चालू असतं.

पथकप्रमुख आधी माणसं शोधतो. वस्तू प्रत्यक्ष पाहणारा, फोन घेणारा, वॉचमन, इमारतीचं वीज-पाण्याचं काम बघणारा. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून त्यावर मजल्याचा नकाशा काढायला लावतो. दार आत उघडतं की बाहेर? वस्तू भिंतीला टेकली आहे का, त्या भिंतीपलीकडे कोणाचं काय आहे? गॅसची पाइप कुठून जाते? वस्तू पहिल्यांदा कधी दिसली, आणि त्याआधी शेवटची कोणी ती जागा रिकामी पाहिली? हा शेवटचा प्रश्न अनुभवी माणसाचा. वस्तू काल रात्रीपासून आहे की वीस मिनिटांपूर्वी आली, यावरून पुढचे सगळे निर्णय बदलतात.

इथे रहिवासी एक घोटाळा हमखास करतात. पाच जण एकाच वेळी बोलतात आणि त्यांतल्या तिघांनी ती वस्तू पाहिलेलीच नसते. ज्याने पाहिलं त्यालाच बोलू द्या. खात्री नसेल तर ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणा. अंदाजाला खात्रीचा सूर लागला की तो पथकाला चुकीच्या दारी नेऊ शकतो.

झडती कशी घेतात? प्रत्येक घर उघडतात का?

आधी बाहेरचा भाग, मग सर्वांसाठी खुल्या जागा : पार्किंग, लॉबी, जिना, मीटर रूम, डक्ट, गच्ची, पंपाची खोली. घरं त्यानंतर, गरज असेल तरच. खोलीत शिरल्यावर झडती घेणारे लगेच उचकापाचक करत नाहीत. गप्प उभे राहतात, कधी डोळे मिटून, आणि ऐकतात. फ्रिजची घरघर, पंख्याची कुरकुर, घड्याळ. यांत न बसणारा आवाज आहे का? मग खोली उंचीनुसार वाटून घेतात. जमिनीपासून कमरेपर्यंत एक फेरी, कमरेपासून हनुवटीपर्यंत दुसरी, तिथून छतापर्यंत तिसरी, आणि खोटं छत असेल तर त्याच्या वर चौथी. दोघं पाठीला पाठ लावून सुरुवात करतात आणि भिंतीकडेने विरुद्ध दिशांना फिरत समोरासमोर येतात.

श्वानपथकातला कुत्रा भुंकत नाही की पंजाने खरवडत नाही. स्फोटकाचा वास लागला की तो बसतो किंवा जागीच थबकतो, आणि हँडलरकडे पाहतो. त्याला हाक मारू नका, बिस्किट दाखवू नका. तो दमतोही, ठरावीक वेळाने त्याला विश्रांती द्यावी लागते, त्यामुळे बारा मजल्यांची इमारत एका दमात होत नाही. घरात फटाके किंवा शिकारीची काडतुसं असतील तर आधीच सांगून टाका. कुत्रा ते शोधणारच, आणि मग तासभर सगळे तुमच्या माळ्याभोवती जमतील. ऑक्सिजनचं सिलिंडर असेल तर तेही सांगा. त्याचा वासाशी संबंध नाही, पण शेजारच्या खोलीत काय आहे हे पथकाला माहीत असायला हवं.

एखाद्या फ्लॅटमध्येच सगळं दडलेलं असेल तर?

तर दार ही सर्वांत धोक्याची जागा. २० जुलै २०१२ रोजी अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे चित्रपटगृहात गोळीबार झाला. हल्लेखोराने आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आधीच सापळा रचून ठेवला होता. दार उघडताच ओढली जाईल अशी तार लावली होती. आतून मोठमोठ्याने संगीत सुरू राहील अशी सोय केली होती, कोणीतरी वैतागून दार ढकलावं म्हणून. खालच्या मजल्यावरची एक रहिवासी तक्रार करायला वर गेलीही होती. दार नुसतं लोटलेलं आहे असं तिला वाटलं, मुठीवर हात गेला, पण काय मनात आलं कोण जाणे, तिने ते उघडलं नाही.

पोलीस दारातून गेले नाहीत. अग्निशमन दलाच्या शिडीवर चढून खिडकीची काच फोडली, आत डोकावून पाहिलं, मग यंत्रमानव पाठवला. आजूबाजूच्या पाच इमारती रिकाम्या केल्या होत्या. पहिला सापळा निकामी करायलाच दुसरा दिवस उजाडला. आत तीसहून अधिक घरगुती स्फोटक वस्तू निघाल्या. त्या काळात बाहेर थांबलेल्या रहिवाशांना ‘नुसतं दार उघडायला दोन दिवस?’ असं वाटलं असेल तर नवल नाही.

वस्तू सापडली. पुढे काय?

माणूस शक्यतो जातच नाही, यंत्रमानव जातो. याची सुरुवात १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये झाली. ब्रिटिश सैन्यातल्या लेफ्टनंट कर्नल पीटर मिलर यांनी बागेतल्या विजेवर चालणाऱ्या ढकलगाडीचा सांगाडा वापरून पहिला ‘व्हीलबॅरो’ बनवला. लांबून संशयित मोटारीला आकडा अडकवून ती ओढून काढायची एवढाच हेतू होता. आजच्या यंत्राला कॅमेरे आहेत, हात आहे, पट्ट्यांवर जिना चढता येतो. तरी राहती इमारत त्याला जड जाते. वळणाचा अरुंद जिना, दारातले चपलांचे ढीग, आणि काँक्रीटमध्ये मरणारा रेडिओ सिग्नल. मग मागे केबल सोडत त्याला वर न्यावं लागतं.

आत काय आहे हे क्ष-किरणाने पाहतात. वस्तूच्या एका बाजूला छोटं यंत्र, दुसऱ्या बाजूला पट्टी, चित्र लांबच्या पडद्यावर. बहुतेक वेळा त्या चित्रात चार्जर, डबा आणि छत्री दिसते आणि सगळे मोकळा श्वास घेतात.

माणसाला जावंच लागलं तर एकच जातो, बाकीचे मागे. अंगावरचा पोशाख साधारण ३५ ते ४० किलोंचा. हेल्मेटची काच आतून धुरकट होऊ नये म्हणून त्यात पंखा असतो. पंजे मात्र बहुधा उघडेच, कारण जाड हातमोज्यांत बोटांना काही कळत नाही. हा पोशाख लांबच्या स्फोटापासून आणि उडणाऱ्या तुकड्यांपासून वाचवतो. मोठ्या बॉम्बवर ओणवं असताना त्याचा फारसा उपयोग नसतो, आणि तो घालणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. जाऊन तो काय करतो? बहुतेकदा एखादं उपकरण लावून परत येतो.

ते उपकरण म्हणजे जाड नळी. तिच्यातून पाण्याचा फटका इतक्या वेगाने सुटतो की वस्तूला पेट घ्यायला सवड मिळण्याआधीच तिचे तुकडे होतात. आवाज जोरदार होतो. खाली जमलेल्यांत ‘फुटला, फुटला!’ असा गलका उठतो. तो फुटलेला नसतो, फोडलेला असतो.

लाल तार कापायची की निळी?

कोणतीच नाही. समोर बसून तारा निवडणं हा शेवटचा उपाय असतो, आणि बॉम्ब बनवणाऱ्याने रंगांचा नियम पाळलाय असं कोणी धरून चालत नाही.

लांब मोकळ्या जागी नेऊन का उडवत नाहीत?

नेणं शक्य असेल तर नेतात. पण हलवणं हाच मोठा धोका, आणि जागेवर उडवणं म्हणजे आजूबाजूच्या घरांची किंमत मोजणं. दोन्हींची उदाहरणं दुसऱ्या महायुद्धातल्या न फुटलेल्या बॉम्बनी दिली आहेत.

२७ फेब्रुवारी २०२१ रोजी इंग्लंडमध्ये एक्सेटर इथे १,००० किलोंचा जर्मन बॉम्ब जागेवरच उडवला. भोवती सुमारे ४०० टन वाळू रचली होती, २,६००हून अधिक घरं रिकामी केली होती. कोणाला इजा झाली नाही, पण मलबा २५० मीटर लांब जाऊन पडला आणि काही घरं राहण्याजोगी उरली नाहीत. म्युनिकच्या श्वाबिंग भागात ऑगस्ट २०१२ मध्ये २५० किलोंचा अमेरिकन बॉम्ब निघाला. त्याचा रासायनिक फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, निकामी करता येईना, म्हणून नियंत्रित स्फोट केला. धक्का झेलायला लावलेला पेंढा पेटून उडाला आणि शेजारच्या इमारतींना आगी लागल्या. उलट इंग्लंडमधल्याच प्लिमथ शहरात फेब्रुवारी २०२४ मध्ये एका घराच्या बागेत सापडलेला ५०० किलोंचा बॉम्ब सैन्याच्या गाडीतून वस्तीतल्या रस्त्यांवरून किनाऱ्यापर्यंत नेला आणि मग समुद्रात. त्या वाटेवरच्या दहा हजारांहून अधिक लोकांना काही तास घर सोडावं लागलं. माझ्या मते हा निर्णय धाडसी होता आणि बरोबरही. तिथेच उडवला असता तर कित्येक घरं गेली असती.

लॉस एंजेलिसची गोष्ट मात्र प्रत्येक पथकाने पाठ करावी. ३० जून २०२१ रोजी एका घरातून बेकायदा फटाक्यांचा प्रचंड साठा जप्त झाला. त्यांतले हलवायला धोक्याचे फटाके पोलिसांनी जाड पोलादी स्फोटपात्रात घालून रस्त्यावरच उडवायचे ठरवले. वजन काट्यावर न करता नजरेने ठरवलं. पात्राच्या ताकदीपेक्षा जास्त माल आत गेला, पात्रच फुटलं, १७ जण जखमी झाले आणि आजूबाजूच्या घरांची पडझड झाली. काटा वापरायला काही मिनिटं लागली असती.

म्हणून एवढा वेळ लागतो?

हो. त्यात थांबण्याचा वेळही धरा. धमकीत सांगितलेली वेळ उलटून गेली तरी लगेच आत जात नाहीत, कारण घड्याळ मागे असू शकतं किंवा सांगणारा खोटं बोललेला असू शकतो. प्रत्येक कृतीनंतरही काही काळ हात बांधून थांबायचं असतं. आरडाओरडा केल्याने हा वेळ घटत नाही.

आईवडील घर सोडायला तयारच नाहीत. राहू द्यायचं का?

नाही. एक माणूस आत राहिला तरी काम अडतं. ३ सप्टेंबर २०१७ रोजी फ्रँकफर्टमध्ये दुसऱ्या महायुद्धातला १.४ टनांचा ब्रिटिश बॉम्ब निकामी करायचा होता, त्यासाठी साठ हजारांहून अधिक माणसं हलवली, त्यांत दोन रुग्णालयांतले रुग्ण आणि नवजात बाळंही होती. तरी काही जण हटून बसले. पोलिसांनी दारोदार घंटा वाजवल्या, वरून हेलिकॉप्टरमधल्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी घरं तपासली. हटून बसणाऱ्यांपायी काम उशिरा सुरू झालं.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका, ‘बॉम्ब’ शब्दाने घाबरवूही नका. ‘औषधं घेतली, पाणी घेतलं, मी हात धरतो, तासा-दोन तासांत परत येऊ’ एवढं म्हणत चालायला लागा. तासा-दोन तासांचे चार तास झाले तर ते नंतर बघू. पाळीव प्राणी पिंजऱ्यात किंवा पट्ट्यावर सोबत घ्या. तो सापडेना म्हणून मात्र परत वर जाऊ नका.

मोबाइलला रेंजच नाही. नेटवर्क मुद्दाम बंद करतात का?

कधी कधी. लांबून सिग्नल देऊन स्फोट घडवता येऊ नये म्हणून पथक जॅमर वापरू शकतं. पण पुष्कळदा कारण साधं असतं : एकाच वेळी सगळे फोन करत असतात. घरच्यांना एक मेसेज टाका आणि फोन बाजूला ठेवा.

व्हिडिओ काढून टाकला तर काय बिघडतं?

पथक कोणत्या मजल्यावर आहे, माणसं कुठे जमवली आहेत, गाड्या कुठे लावल्या आहेत, हे सगळं त्यात दिसतं. धमकी देणारा तेच बघायला बसलेला असू शकतो. आणि शूटिंगसाठी थांबलेला माणूस बहुधा काचेसमोर थांबलेला असतो. आधीच काढून झालेलं चित्रण मात्र पोलिसांना जरूर द्या. वस्तू ठेवणारा त्यात असू शकतो.

आमच्याच इमारतीतल्या मुलाने गंमत म्हणून फोन केला होता. मिटवून टाकता येईल का?

नाही. खोटी धमकी हा जवळजवळ सगळीकडे गुन्हा आहे, आणि तक्रार मागे घेणं इमारतीच्या हातात नसतं. पालकांनी करायची एकच शहाणपणाची गोष्ट म्हणजे झडती चालू असतानाच पुढे येऊन सांगणं. जिन्यावर माणसं पडण्याआधी, रुग्णवाहिका अडकण्याआधी.

इमारतीने आधी काय तयारी करावी?

प्रत्येक मजल्याचा नकाशा, सामाईक खोल्यांच्या किल्ल्या, आणि ज्यांना उतरताना मदत लागते अशांची यादी इमारतीबाहेरही मिळेल अशी ठेवा. वॉचमनच्या टेबलात बंद असलेली यादी आत अडकते. जमण्याच्या जागा दोन ठरवा, वेगवेगळ्या दिशांना, लांब. आणि जिन्याखालचा पसारा हलवा. मोडके कूलर, रंगाचे डबे, कोणाचेच नसलेले खोके : झडती घेणाऱ्यासाठी त्यांतलं प्रत्येक खोकं संशयित. त्यावरून भांडणं होतील, पण होऊ द्या.

‘काही सापडलं नाही’ म्हणजे आता सगळं सुरक्षित आहे का?

शोधलेल्या जागांत काही सापडलं नाही, असा त्याचा अर्थ. पथक परतायला सांगतं ते पुरेशी खात्री झाल्यावरच, तेव्हा निर्धास्त वर जा. फक्त लिफ्टसाठी झुंबड नको, आणि आधी घराचं दार पाहा. ते फोडलं असेल तर आत जाण्यापूर्वी फोटो काढा आणि तिथल्या पोलिसाकडून लेखी नोंद घ्या. भरपाईचे नियम ठिकठिकाणी वेगळे असले तरी कागद सगळीकडे लागतो. स्फोट किंवा नियंत्रित स्फोट झाला असेल तर गॅस चालू करण्याआधी पाइप तपासून घ्या, आणि तडा गेलेल्या काचांना हात लावू नका.

घरातली एखादी वस्तू हललेली दिसेल. झडती घेणाऱ्यांनी हलवली असेल. पण कपाटामागे, बाल्कनीत, टाकीशेजारी तुमची नसलेली वस्तू दिसली, तर ‘आत्ताच तर तपासून गेले’ म्हणून ती उचलू नका. पथकाच्या गाड्या बहुधा अजून गेटबाहेरच असतात.